औषध अंगात, जनावर बाजारात

आजारी जनावराला औषध देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. परंतु सोमवारी ज्या म्हशीला इंजेक्शन टोचले, तीच म्हैस गुण येत नाही म्हणून शुक्रवारी खाटकाला विकली, तर ते औषध कोठे जाते, याचा विचार आपल्यापैकी फार थोडे लोक करतात. ते औषध म्हशीबरोबर बाजारात जाते, तेथून खाटकाच्या दुकानात आणि तेथून कोणाच्या तरी ताटात. या विषयावर आज चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे आम्हांस वाटते.

सुरतेत राहणाऱ्या मराठी वाचकांचा तर ह्या प्रश्नाशी दुहेरी संबंध आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहणाऱ्या कितीतरी कुटुंबांची गावे खानदेशात, नवापूरकडे, नाहीतर व्यारा-सोनगड व डांगच्या पट्ट्यात आहेत. शहरातला भाऊ दूध आणि मांस विकत घेतो, गावातला भाऊ जनावर पाळतो आणि विकतो. म्हणजे विकणारा आणि खाणारा एकाच घरातले. तेव्हा हा शेतकऱ्याविरुद्ध गिऱ्हाइकाचा वाद नव्हे. दोघांनी मिळून सोडवण्याचा हा घरचाच प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, गुजरातेत गाय, बैल व वासरू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. मग हा विषय येथे कशाला? त्याचे उत्तर असे की म्हशी व रेडे, शेळ्यामेंढ्या आणि कोंबड्या यांचे मांस विकले व खाल्ले जातेच, आणि आपल्या समाजात ते खाणारे पुष्कळ आहेत. दूध तर सर्वच घरांत येते. शिवाय औषध टोचलेले जनावर खाटकाकडे न जाता गोठ्यातच मेले, तरी ते औषध नाहीसे होत नाही. त्याने केवढा अनर्थ होऊ शकतो, हे पुढे सांगणारच आहोत.

औषध अंगात किती दिवस राहते?

औषध टोचले की ते रक्तातून सर्व शरीरभर फिरते. मग यकृत त्याचे तुकडे करते आणि मूत्रपिंड ते लघवीवाटे बाहेर टाकते. या कामाला वेळ लागतो. काही औषधे दोन-तीन दिवसांत निघून जातात, काहींना आठवडे लागतात. सर्वांत जास्त शेष राहते ते काळीज आणि गुरदे यांत, आणि जेथे सुई टोचली त्या मांसात. नेमके हेच भाग आपल्याकडे चवीने खाल्ले जातात आणि अशक्त माणसाला व बाळंतिणीला मुद्दाम दिले जातात. कासेत भरलेले औषध दुधातून उतरते. जनावर आजारी असले, त्याचे यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेले असले, तर औषध बाहेर पडण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून प्रत्येक औषधाला एक थांबण्याची मुदत असते. शेवटचा डोस दिल्यापासून तितके दिवस त्या जनावराचे दूध विकू नये आणि ते कत्तलीला देऊ नये, असा तिचा अर्थ. आपल्या देशात २०१२ साली औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन ही मुदत जनावरांच्या औषधाच्या लेबलावर छापणे बंधनकारक झाले. विशिष्ट औषधाची मुदत ठरलेली नसेल, तर दूध व अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे त्याच नियमात म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण ते लेबल बहुधा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. आणि शेतकऱ्याच्या हाती बाटली येतच नाही, येते ती फक्त टोचलेली सुई. जो नियम ज्याच्यासाठी केला त्याला तो वाचताच येत नसेल, तर तो पाळला जाण्याची अपेक्षा तरी कशी करावी?

गोठ्यात काय घडते

प्रत्यक्षात घडते ते असे. म्हशीच्या कासेला सूज येते, किंवा ताप भरतो, किंवा ती बसते ती उठत नाही. सरकारी दवाखाना लांब असतो. गावात एखादा शिकाऊ मनुष्य सुया टोचत फिरतो, त्याला बोलावतात. तो एक प्रतिजैविक आणि एक वेदनाशामक टोचतो, पैसे घेतो आणि जातो. कागद नाही, औषधाचे नाव नाही, मुदत तर नाहीच. दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. उतार पडला तर ठीक. नाही पडला, तर घरात चर्चा सुरू होते: मेली तर हाती काहीच लागणार नाही, जिवंत आहे तोवर विकून टाकू. दलाल दारात उभाच असतो. तो भाव पाडून घेतो आणि म्हैस टेम्पोत चढते.

ज्या जनावरावर सर्वांत जास्त औषधे वापरली गेली, तेच सर्वांत घाईने कत्तलीला जाते, ही यातली खरी गोम आहे. धडधाकट जनावर सहसा कोणी घाईने विकत नाही. हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. अमेरिकेत मांसाच्या तपासणीत औषधांचा शेष सापडतो तो मुख्यतः दुभत्या कळपातून काढून टाकलेल्या गाईंत आणि जन्मून थोडेच दिवस झालेल्या वासरांत. तेथील कृषिखात्याच्या अंतर्गत तपासनिसांनी २०१० साली या तपासणीच्या ढिलाईवर कडक टीका केली होती. एवढ्या श्रीमंत आणि यंत्रणा असलेल्या देशाची ही अवस्था, तर आपल्या आठवडी बाजाराची काय असेल ते वेगळे सांगायला नको.

आम्ही शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवीत नाही. म्हैस हीच ज्याची बँक, तिची किंमत बुडताना पाहून तो घाबरला तर त्यात नवल नाही. पण त्याची अडचण खरी असली, तरी तिचा भार तिसऱ्याच कुटुंबातल्या मुलाबाळांवर टाकणे योग्य होत नाही.

गिधाडांनी दिलेली साक्ष

मेलेल्या किंवा मारलेल्या जनावराच्या अंगातील औषध खाणाऱ्याला मारू शकते, याचा जगातील सर्वांत मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला आहे. तो माणसांवरून नव्हे, गिधाडांवरून मिळाला.

वयस्क वाचकांना आठवत असेल, गावाबाहेर ढोर फाडण्याच्या जागी गिधाडांचे थवेच्या थवे उतरत आणि तासा-दोन तासांत फक्त सांगाडा उरे. नव्वदीच्या दशकात हे पक्षी दिसेनासे होऊ लागले. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाचे विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारात एखादेच उरावे इतकी कमी झाली. आधी कोणाला साथीचा रोग वाटला, कोणाला शेतातील कीटकनाशके. खरे कारण २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. ते होते डायक्लोफेनॅक, सूज व वेदना कमी करणारे साधे, स्वस्त औषध, जे आपणही कंबरदुखीला घेतो. गुरांना ते टोचले जाई. ते जनावर थोड्याच दिवसांत मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत आणि त्यांच्या आतड्या-काळजावर पांढरी पूड साठून ती मरत.

यातले दोन मुद्दे आमच्या विषयाला फार महत्त्वाचे आहेत. पहिला असा की हे औषध गुरांच्या अंगात काही महिने टिकत नाही. थोड्या दिवसांत ते निघून जाते. टोचल्यानंतर आठवडाभर जनावर जगले असते, तर गिधाडाला धोका राहिला नसता. अनर्थ झाला तो औषध आणि मरण यांच्यातील अंतर अपुरे पडल्यामुळे. घाईने कत्तलीला पाठवलेल्या जनावरात हे अंतर तितकेच अपुरे असते. दुसरा मुद्दा प्रमाणाचा. शास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा शंभर मृत जनावरांत एकाहूनही कमी जनावर विषारी असले, तरी गिधाडांची जात संपायला ते पुरेसे आहे असे निघाले. २००४-०५ मध्ये देशातील मृत गुरांची यकृते तपासली, तर सुमारे दहा टक्क्यांत हे औषध सापडले. “आमच्या एका म्हशीने काय होणार आहे?” असे म्हणणाऱ्याने हे आकडे लक्षात ठेवावेत.

परिणाम पक्ष्यांपुरते राहिले नाहीत. सुरत हे पारशी लोकांचे जुने ठाणे. त्यांची दोखम्याची परंपरा गिधाडांवर अवलंबून होती, आणि एका गुरांच्या औषधाने शेकडो वर्षांच्या त्या धर्मविधीचा आधारच काढून घेतला. उघड्यावर पडलेली ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला आली, कुत्री वाढली आणि त्यांच्या चाव्याने होणारा रेबीजही वाढला. १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे सुमारे ४८,००० माणसे अधिक दगावली असावीत, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, गिधाडे नाहीशी झाल्याने बिघडलेल्या स्वच्छतेमुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख अधिक मृत्यू झाले असे अनुमान काढले आहे. गुजरात राज्याच्या मोजणीत २००५ साली २,६४७ गिधाडे होती, २०१८ साली ती ८२० भरली. कोणी मुद्दाम विष घातले नव्हते. लंगडणाऱ्या बैलाचे दुखणे कमी व्हावे, एवढाच हेतू होता.

कायदा झाला, पुढे काय?

सरकारने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक तयार करण्यावर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित असलेले औषध त्याच सुमारास पुढे आले होते. तरीही डायक्लोफेनॅक चालूच राहिले, कारण माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांच्या कामी येऊ लागल्या. म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली, आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती मर्यादा उचलून धरली. तोवर काही जण दुसऱ्या वेदनाशामकांकडे वळले होते. तीही गिधाडांना घातक निघाली. तेव्हा २०२३ साली केटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड यांचा जनावरांसाठीचा वापर बंद करण्यात आला.

या जवळजवळ वीस वर्षांच्या धावपळीवरून आम्ही असे अनुमान काढतो की एकेका औषधाच्या मागे लागून हा प्रश्न सुटणार नाही. एक दार लावले की दुसरे उघडते. मूळ सवय तीच राहते: कोणते औषध दिले हे न लिहिणे, आणि किती दिवस थांबायचे हे न विचारणे. ती सवय बदलली तर निम्मे काम कायद्याशिवायच होईल.

प्रतिजैविकांचे प्रकरण तर माणसांना अधिक जवळचे आहे. मांसाच्या एका घासाने कोणी पटकन मरत नाही, आणि आम्ही भीती पसरवू इच्छीत नाही. परंतु ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, अशा माणसाला दुधातील थोडेसे औषधही त्रास देऊ शकते. दूध उकळले किंवा मांस शिजवले म्हणजे सर्व औषधे नष्ट होतात, ही समजूत चुकीची आहे. त्यांपैकी पुष्कळ आंच सोसून टिकतात. आणि जनावरांत व माणसांत ही औषधे अर्धवट, वारंवार वापरली गेली की रोगजंतू त्यांना सरावतात. मग खरी गरज पडते, बाळंतिणीला ताप येतो किंवा लहान मुलाच्या छातीत कफ भरतो, तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. कोलिस्टिन हे डॉक्टर अगदी शेवटी हाती घेतात असे औषध. कोंबड्यांच्या खाद्यातही ते वापरले जात असे. २०१९ साली सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली, ती याच कारणाने.

दुधातील औषधाची खूण तर घरच्या घरी कधी कधी दिसते. चांगले विरजण घालूनही दही लागत नाही. विरजणातले उपयुक्त जंतू प्रतिजैविकाने मेलेले असतात. दही न लागण्याला थंडीसारखी इतरही कारणे असतात, हे खरे. पण वारंवार असे झाले तर दूधवाल्याला विचारायला हरकत नाही. सुमुलसारख्या सहकारी दूधसंघाला दूध घालणाऱ्या सभासदाने तर हे विशेष जपले पाहिजे. एका म्हशीचे औषधी दूध गावच्या सगळ्या दुधात मिसळते.

परक्यांसाठी एक माप, आपल्यांसाठी दुसरे

सुरत जिल्ह्यातील ओलपाडच्या बाजूला कोळंबीची तळी आहेत. ती कोळंबी परदेशी जाते. परदेशी गिऱ्हाईक बंदी असलेल्या प्रतिजैविकांचा शेष सापडला तर माल परत पाठवते, म्हणून तळ्यातून काढण्याआधीच तिचा नमुना तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे झाली. ती चांगली चालते, कारण तीत पैसा अडकलेला आहे. मग उधन्याच्या बाजारात मजूर जे पावशेर मांस विकत घेतो, त्याच्यासाठी असे कोण पाहते? कत्तलखान्यात जनावर मारण्यापूर्वी आणि नंतर डॉक्टरने तपासावे असा नियम आहे. पण डॉक्टरच्या डोळ्यांना गाठ दिसते, क्षयाचे डाग दिसतात. औषध दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मांस व दूध यांत कोणते औषध किती चालेल याच्या मर्यादा ठरवल्या आहेत. मर्यादा कागदावर आहे, पण नमुनाच घेतला नाही तर ती मोडली की पाळली हे कळणार कसे?

ज्या सुरतेत १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची साथ आली आणि लोक गाड्या भरभरून पळाले, त्याच सुरतेने पुढच्या दोन वर्षांत, एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त असताना, देशाने नाव घ्यावे अशी स्वच्छता करून दाखवली. लोक तेच होते, गल्ल्याही त्याच होत्या. रोज कोणीतरी पाहू लागले, एवढाच फरक पडला. तेव्हा “आपल्याकडे हे व्हायचे नाही” हे म्हणणे निदान सुरतकरांच्या तोंडी शोभत नाही.

आमच्या मते अधिकाऱ्यांकडून तीन गोष्टी मागाव्यात. कत्तलखान्यातून व मांसाच्या दुकानांतून ठरावीक काळाने नमुने घेऊन तपासावेत आणि निकाल लोकांना सांगावेत. गुरांच्या प्रत्येक डॉक्टरने औषधाचे नाव व थांबण्याचे दिवस गुजराती किंवा मराठीत कागदावर लिहून द्यावेत. आणि उपचार चालू असताना जनावर दगावले, तर लहान शेतकऱ्याला विम्याची भरपाई विनासायास मिळावी. ही तिसरी मागणी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. मेलेल्या म्हशीचे पैसे मिळतील असा विश्वास असेल, तर मरणाऱ्या म्हशीला बाजारात ढकलण्याचे कारण उरणार नाही.

घरी करण्याच्या गोष्टी

सरकार हलेपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. पुढील गोष्टींना खर्च जवळजवळ नाही.

१. गोठ्यात एक वही टांगून ठेवावी. जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक, औषधाचे नाव, तारीख आणि थांबण्याचे दिवस तीत लिहावेत. घरातील शाळकरी मूल हे काम आनंदाने करील.

२. इंजेक्शन देणाऱ्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय सोडू नये: औषध कोणते? दूध आणि मांस किती दिवस वर्ज्य? त्याला उत्तर देता आले नाही, तर त्याच्याकडून सुई टोचून घेऊ नये.

३. मुदत माहीत नसेल, तर दुधाला ७ दिवस व मांसाला २८ दिवस धरावेत.

४. माणसांची इंजेक्शने गुरांना देऊ नयेत. वेदनाशामक हवेच असेल तर डॉक्टरकडे मेलॉक्सिकॅम मागावे.

५. कासेत औषध भरलेल्या म्हशीचे सर्व सडांचे दूध मुदत संपेपर्यंत वेगळे काढून टाकून द्यावे. ते पारड्याला पाजू नये आणि शेजारणीला फुकटही देऊ नये.

६. जनावर विकताना वहीतील नोंद घेणाऱ्याला दाखवावी. मुदत बाकी असेल तर तसे सांगावे. भाव थोडा कमी येईल, पण पुढच्या खेपेला तोच घेणारा तुमच्याच दारी येईल.

७. उपचारात असताना मेलेले जनावर उघड्यावर टाकू नये. विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, खोल खड्डा करून चुना घालून पुरावे.

८. शहरातील गिऱ्हाइकांनी नेहमीच्या खाटकाला व दूधवाल्याला हे प्रश्न विचारावेत. एकाने विचारले तर तो हसेल, दहा जणांनी विचारले तर तो पुढे दलालाला विचारील, आणि दलाल शेतकऱ्याला.

अठ्ठावीस दिवस एका आजारी म्हशीला चारा घालणे गरिबाला जड जाते, हे आम्ही जाणतो. पण त्या दिवसांत ती बरी झाली तर पुन्हा धार देईल, किंवा निदान चांगल्या भावाने विकली जाईल. आणि नाहीच वाचली, तर तिच्याबरोबर तिचे औषधही मातीत जाईल. कोणाच्या लेकराच्या ताटात ते जाणार नाही.